सुईवरचा आळ

आक्का, तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. भांडी घासताना भांडते, रजिस्टर भरताना भांडते. किकवीच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना तर माझे ओठ हलत असतात म्हणे. परवा एका पोरीनं विचारलंच, "आशाताई, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, "पाठ करतेय गं, उद्या मीटिंग आहे."

एका जागी बसवत नाही. बसले की उठते, उठले की कशाला उठले तेच आठवत नाही. डोळे कोरडे आहेत. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते बोलून झाल्याशिवाय ते यायचं नाही असं वाटतं.

पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावली नाहीत. शिवऱ्याला हायवेच्या कडेला तुम्ही भाजीची पाटी घेऊन बसायचात, तिथल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. तुमचा नेहमीचा एसटी कंडक्टर ड्युटीच्या कपड्यातच आला. प्रत्येकजण चार शब्द बोलला. मग मला उभं केलं. "जावा जावा असून बहिणींसारख्या राहिल्या," असं कुणीतरी म्हणालं. मी उभी राहिले, "आक्कांनी मला खूप सांभाळून घेतलं," एवढं बोलले आणि खाली बसले.

ते वाक्य खोटं नव्हतं. पण ते किती खरं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं चार दिवसांनी, आणि तेव्हापासून ही तगमग आहे.

मी भोंगवलीहून लग्न होऊन आले तेव्हा प्रज्ञा पाच वर्षांची होती आणि तुम्ही या घरात चांगल्या मुरलेल्या होतात. दोन भावांची दोन घरं, मधे एक भिंत. भिंतीवर तुम्ही दोनदा थाप मारली की चहा झाला, तीनदा मारली की हातातलं टाकून ये. मी बारावी झालेली, म्हणून आत्याबाई मला "मॅडम" म्हणून टोचायच्या. गावात आशा सेविका नेमायची ठरली तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. सून दारोदार फिरणार म्हणजे काय! तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "आत्याबाय, ही बारावी शिकली ती काय माझ्यासंगं भाकऱ्या बडवायला? जाऊ द्या तिला. घरचं म्या बघते."

म्हणजे मला या कामाला तुम्हीच घातलंत, तुमच्या शोभीची गावाची आशाताई तुम्हीच केलीत. हे मी कुणालाच सांगत नाही, कारण लगेच पुढचं आठवतं. माझ्या रजिस्टरमध्ये गरोदर बायकांच्या यादीत पहिलं नाव तुमचंच होतं.

सतरा वर्षं झाली. तुमचा सातवा महिना संपत आला होता. धनुर्वाताची पहिली सुई झाली होती, दुसरी भातकापणीच्या गडबडीत राहून गेली होती. त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होतं आणि तुम्ही यायला तयार नव्हतात. पहिल्या सुईनं दंड दोन दिवस ठणकला होता.

"प्रज्ञाच्या येळंला दोनी घेतल्यात की म्या. परत परत काय ते टोचून घ्यायचं?"

"आक्का, घरचीच बाई आली न्हाई तर गाव कसं यील माझ्यामागं?"

तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. "तू म्हणतीस म्हणून चलते हां."

वाटेत तुम्ही दोनदा थांबलात. "शोभे, चपला लई घट्ट व्हायला लागल्यात गं. आन् डोकंबी जड हाय सकाळधरनं." मी तुमच्या पायांकडं पाहिलं. घोटे दिसतच नव्हते. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पाय सुजले, डोकं दुखलं की बीपी बघायचंच. मी वहीत ते लिहून खाली रेघसुद्धा मारली होती. तरी मी तुम्हाला म्हटलं, "पोट वाढलं की सुजत्यातच पाय."

उपकेंद्रात ही गर्दी. पोरांची रडारड. सिस्टर एकटी. बीपीचं यंत्र मागच्या टेबलावर आणि तिथं वेगळी रांग. बाहेर वस्तीकडं जाणारा टेम्पो उभा होता, तो चुकला तर तुम्हाला त्या पायांनी चालत न्यावं लागलं असतं. तुमच्या दंडावर कापूस दाबत सिस्टरनं मान वर न करता विचारलं, "हिचं बीपी झालं का?"

आणि मी म्हटलं, "झालं."

का म्हटलं? टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पहिल्याच महिन्यात सिस्टरला वाटू नये की हिला काम जमत नाही. तुम्ही दमला होतात. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकाचाही काही उपयोग नाही.

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणालात, डोळ्यापुढं काजवे चमकतायत. आणि आडव्या झालात. हातपाय ताठ, दातखीळ बसलेली. आत्याबाईंनी हंबरडा फोडला, "धनुर्वात झाला! सुईनंच धनुर्वात झाला गं!" टेम्पोत घालून तुम्हाला दवाखान्यात नेलं. तुम्ही वाचलात. बाळ पोटातच गेलं होतं.

डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या अंगावरच्या साडीवरून मी आशा आहे हे ओळखून मला बाजूला घेऊन म्हणाले, "बीपी केवढं वाढलंय हिचं. आधी कुणी बघितलंच नाही? वेळेत कळलं असतं तर गोळ्या दिल्या असत्या, आधीच दाखल केलं असतं. कदाचित..." त्यांनी दिलेला कागद मी घडी करून तुमच्या पिशवीत ठेवला.

घरी आले तर कारण ठरूनही गेलं होतं. सुई टोचली, दहा दिवसांत पोर गेलं. जो तो तेच म्हणत होता आणि दिसायलाही तसंच दिसत होतं. आधी सुई, मग झटका. सुईत मेलेला जंतूही नसतो, असतं ते त्याच्या विषाचं निकामी केलेलं रूप, त्यानं धनुर्वात होत नाही आणि बीपी तर वाढतच नाही, हे मी तेव्हाही सांगू शकत होते. सांगितलंही. पण लोक विचारायचे, "मंग कशानं गेलं?" मी म्हणायचे, "काही पोटं जातात अशी. निसर्गाचं असतं."

सुईवरचा आळ काढायचा तर तो माझ्यावर घ्यावा लागत होता. मी तो सुईवरच राहू दिला. आणि वर दारोदार सुईची बाजू घेऊन भांडत हिंडले! हसू नका, आक्का. तुम्ही हसला असतात तर मला बरंच वाटलं असतं.

तुम्ही मला कधी शिव्या दिल्या नाहीत. पण वस्तीत कुणाला दिवस गेले की तुमच्याकडं विचारायला यायच्या आणि तुम्ही एवढंच म्हणायचात, "माझं काय झालं ते तुमाला ठावं हाय. पुढं तुमचं तुमी बघा." बस. माझ्या दहा खेपा त्या एका वाक्यात वाया. पाच घरांनी त्या वर्षात सुई घेतली नाही. त्यांतल्या कुणाला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब. माझं काही त्यात नाही.

आपली भांडणं आठवतात? ओट्यावर शेंगा फोडत बसायचो आणि कुठूनही सुरू व्हायचं. मी म्हणायचे, "आत्याबाईंची दोन बाळं आठव्या दिवशी दूध सोडून, ताठ होऊन गेली, ती कशानं? नाळ विळ्यानं कापायचे म्हणून. ह्या सुईनंच ते थांबलं." तुम्ही शेंगेवरची नजर न काढता म्हणायचात, "आत्याबायची बिनसुईची गेली. माझं सुईचं गेलं. जाणारं जातंयच. तू उगा घसा कोरडा करू नगंस." आणि मी खरंच घसा कोरडा करायचे. पुस्तकातलं सगळं सांगायचे. एक गोष्ट सोडून.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. मी सुई घेतली. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण दंड दुखतोय हे तुम्ही पदर घेतानाच ओळखलंत.

"घेतलीस?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला जाताना हंडा खाली ठेवून माझ्या दारात आलात, पोटावर हात ठेवला आणि उभ्या राहिलात. बाळ हललं तसा हात काढून हंडा उचलून गेलात. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. ओल्या हाताचा तो गारवा मला अजून कळतो. दहा सकाळी तुम्ही आलात. अकराव्या दिवशी आला नाहीत, पण भिंतीपलीकडून तुमचा सुस्कारा मला ऐकू आला. तुमच्या मनात काय चालत असेल त्या दहा दिवसांत? ज्या सुईनं तुमचं बाळ नेलं असं तुम्हाला वाटत होतं, तीच मी घेऊन बसले होते. आणि तरी तुम्ही माझ्या बाळाची राखण करत होतात. मी त्या दहा दिवसांतल्या कुठल्याही एका सकाळी तुमचा हात धरून सांगायला हवं होतं. सम्यक झाला तेव्हा त्याला पहिलं न्हाऊमाखू तुम्हीच घातलंत. तेव्हाही सांगितलं नाही. मग ते जुनं झालं. जुनं झालेलं सांगायला आणखी अवघड.

मग कोरोनाचं साल आलं. प्रज्ञाला तुम्ही वेल्ह्याकडं दिलेली, ती पाचवा महिना लागला तशी माहेरी आली. त्या पावसाळ्यात गरोदर बायकांनाही लस द्यायची परवानगी आली आणि माझ्यामागं यादी लागली. मोबाईलवर काय काय फिरत होतं. लस घेतली की पोट पडतं, पुढं मूलच होत नाही. त्यात आपल्या गावाला बाहेरच्या मेसेजची गरजच नव्हती, घरचा दाखला होता. एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "आधी तुज्या जावंला इचार."

प्रज्ञानं मला विचारलं, "काकी, घेऊ का?" तुम्ही दारात उभ्या होतात. मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "न्हाई. एक पोर म्या दिलंय. दुसरं देणार न्हाई."

"आक्का, हिच्या शेजारची ती सातवा महिना लागलेली पोर ऑक्सिजनवर पुण्याला नेली, ती परत आली का? पोटुशी बाईला हा आजार जास्त धरतो."

"ती आजारानं गेली. आजार आला तर बघू. सुई तर आपण हातानं टोचून घ्यायची!"

"लस घेतल्यावर ताप यील, हात दुखंल. बाळाला काई होत न्हाई."

"हेच बोलली हुतीस तू तवाबी."

तुम्ही ओरडला नाहीत. हळूच म्हणालात. मी तशीच वळून घरी आले आणि त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या घरी भेटीला गेले नाही. माझ्याकडं एक वाक्य होतं, ज्यानं तुमची अडवलेली वाट मोकळी झाली असती. ते मी बोलले नाही. पोटच्या पोरीसारखी प्रज्ञा, तिचा जीव टांगणीला होता, आणि मी माझी लाज सांभाळत बसले.

चार दिवसांनी लसीकरणाला रांगेत बघते तर तुम्ही! इस्त्रीची साडी, प्रज्ञाचा हात हातात. मला वाटलं माझ्या समजावण्याला यश आलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. तुम्ही माझ्याकडं न बघता सिस्टरला विचारलंत, "बाय, हिचं बीपी मोजलं का?" सिस्टर म्हणाली, मोजलं. तुम्ही म्हणालात, "किती हाय ते मला सांगा." आकडा ऐकलात आणि मगच पोरीची बाही वर केलीत.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला असेल, मी तो पडू दिला नाही. काय माहीत.

प्रज्ञाला एक रात्र ताप आला, उतरला. मुलगी झाली, गुटगुटीत. आता शाळेत जाईल. त्या मुलीला बघायला वस्तीतल्या किती बायका आल्या, आणि त्यानंतर कुणाला दिवस गेले तर तुम्ही मला भिंतीवर थाप मारून बोलवायला लागलात. "हिला काय ते सांग. म्या न्हाई बोलत आता मधी." पण सुईनं माझं गेलं नव्हतं, असंही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. जुनी गोष्ट लोकांच्या तोंडी तशीच राहिली.

त्यानंतरच्या चार वर्षांत तुम्ही मला तीन-चारदा एक प्रश्न विचारलात. आता मोजतेय मी. एकदा घेवडा निवडताना. एकदा भोरच्या बाजारातून येताना एसटीत, मागच्या सीटवर. "शोभे, काय बोलायचंय का तुला?" मी दरवेळी दचकून म्हणायचे, "न्हाई, कुठं काय?" तुम्ही खिडकीबाहेर बघायचात.

पुण्यानुमोदनाला चार दिवस झाले होते. पाहुणे पांगले. प्रज्ञा आणि मी मोठी पातेली घासत होतो. ती राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "काकी, रागवू नका. आईला म्हायती होतं."

"काय?"

"तुमी त्या दिशी सिस्टरला झालं म्हणून सांगितलेलं."

नळ चालू होता. मी तो बंद करायला उठले आणि बंद न करताच परत बसले.

प्रज्ञानं सांगितलं ते असं. त्या पावसाळ्यात माझ्याशी वाद झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही जुनी कागदं पिशवीत घालून, पोरीला घेऊन भोरला एका डॉक्टरबाईंकडं गेलात. मला न सांगता. तिथं तुम्ही लशीचं विचारलंच नाहीत. म्हणालात, "बाय, आधी मला सांगा, माझं पोर कशानं गेलं. मंग म्या हिचं बघते." त्या बाईंनी कार्ड पाहिलं. सुईची तारीख होती, बीपीचा रकाना कोरा होता. मग दवाखान्याचा कागद पाहिला. त्यांनी सांगितलं की बीपी वाढून झटका आला होता, बाळ त्यानं गेलं, सुईचा त्यात हात नव्हता. हेही सांगितलं की सुई घेतलेल्या बायकांची बाळंही कधी जातात आणि न घेतलेल्यांचीही, पण सुईमुळं जास्त जातात असं दिसलेलं नाही. ताप आला तर गोळी घ्या, हात दुखेल, आणि पोरीचं बीपी दर खेपेला मोजा.

तुम्ही विचारलंत, "तवा मोजलं असतं तर?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तर कदाचित कळलं असतं."

बाहेर बाकावर तुम्ही पुष्कळ वेळ बसून राहिलात. प्रज्ञा घाबरली. मग तुम्ही तिला म्हणालात, "सिस्टरनं इचारलं हुतं गं. शोभी झालं म्हणाली. म्या शेजारीच हुते, ऐकलं हुतं. मला काय ठावं बीपी म्हंजी काय. म्या म्हटलं, झालं असंल."

आक्का, तुम्ही ऐकलं होतं. सतरा वर्षं तो शब्द तुमच्याही कानात होता, फक्त त्याचा अर्थ तुम्हाला उशिरा कळला.

प्रज्ञा म्हणे चिडली. आत्ता घरी जाऊन काकीला विचारते म्हणाली. तुम्ही तिला गप्प केलंत. "काय बोलू नगं तिला. पोरसवदा हुती ती तवा. ती सांगंल तवा सांगंल."

आता यावर मी काय करू? सांगा ना. मला राग येतोय तुमचा. तुम्ही विचारायचं होतं! सरळ विचारायचं, झिंज्या धरायच्या, चार माणसांत उभं करायचं. तुम्ही घेवडा निवडत "काय बोलायचंय का" म्हणायचात, तसं कुणी विचारतं का? इतकी वाट बघायची असते का माणसाची? मग वाटतं, मी कुणाला बोलतेय. चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी दार उघडं ठेवून बसला होतात आणि मी रोज त्याच दारावरून जात होते.

आणि त्या गोळ्या. प्रज्ञानं त्याही दाखवल्या. त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी तुमचं बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. गरोदरपणात ज्यांचं एवढं वाढतं त्यांनी पुढं जन्मभर जपायचं असतं म्हणाल्या. मला तुम्ही सांगितलंत की डोकेदुखीच्या गोळ्या आहेत. मी, गावभर बीपी मोजायला बायका गोळा करून नेणारी, तुम्हाला कधी चला म्हटलं नाही. तो शब्दच मी तुमच्यापुढं टाळत होते. तुम्ही माझ्यासाठी टाळत होतात. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून आपण दोघींनी तो शब्द टाळला, गोळ्या मधेमधे सुटत राहिल्या आणि त्यानंच तुम्हाला नेलं.

काल लसीकरण होतं. वरच्या वाडीची आरती, पाच महिने झालेत, पहिलटकरीण. तिची सासू तिला हाताला धरून परत न्यायला लागली. "आम्हाला नको सुई. आशाबाय, तुमच्या जावंचं पोर सुईनंच गेलं का न्हाई? मेलेल्या माणसाची आण घिऊन सांगा."

पंधरा-वीस बायका होत्या. सिस्टर होती. मी म्हटलं, "सुईनं न्हाई गेलं. बीपी वाढलं हुतं. सिस्टरनं मला इचारलं, मोजलं का म्हणून. मोजलं नव्हतं. म्या मोजलं म्हणून सांगितलं आन् तिला घरी नेली. पोर माझ्यामुळं गेलं असंल, सुईमुळं न्हाई. मी सतरा वर्षं हे लपवलं."

एक बाई आपलं मूल उचलून जरा लांब जाऊन बसली. म्हातारीनं सुनेचा हात सोडला, पण माझ्याकडं अशी बघत राहिली की मी नजर खाली घातली. आरतीच पुढं आली. विशीचीही नसेल पोर. स्टुलावर बसून तिनं हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मंग आधी माझं बीपी मोजा."

सिस्टरनं पट्टा बांधला. आकडा बरा होता. आरतीनं तो दोनदा विचारून घेतला आणि सुई घेतली.

निघताना सिस्टर मला म्हणाली, "आता हे वरपर्यंत जाईल. काम गेलं तर?" मी म्हटलं, जाऊ दे. खरं म्हणजे काम गेलं तर मी काय करेन मला माहीत नाही. मला वाटलं होतं बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. गावाला सांगितलं, पण ज्यांना सांगायचं होतं त्या राहिल्याच.

म्हणून एक गोष्ट तरी तुम्हाला सांगते, जी दुसऱ्या कुणालाच सांगायची नाही. त्या झटक्यानंतर दवाखान्यात तुम्ही दोन दिवस शुद्धीत नव्हतात. बाळ तुम्हाला दाखवलं नाही, पुरुषमाणसांनी परस्पर नेलं. मुलगा होता एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. कसा होता ते कुणी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. दवाखान्यातल्या मावशीनं गुंडाळून तो माझ्या हातात दिला होता, आक्का. मी फडकं बाजूला करून पाहिला. जावळ दाट होतं, कानापर्यंत आलेलं. बोटं लांब, प्रज्ञाची आहेत तशी. हनुवटी तुमची. झोपल्यासारखाच दिसत होता, त्रास झाल्यासारखा नाही. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि पुरुषमाणसं जीप घेऊन येईपर्यंत त्याला खाली ठेवला नाही.

छान होता आक्का तुमचा मुलगा. लई छान होता.